पनवेल ओलांडणारा सायलेन्सर

आई एस.टी.त बसली की पनवेलपर्यंत टिकायची. खिडकीची जागा, लिंबू, आल्याचा तुकडा, पोटावर वर्तमानपत्राचा कागद, सगळे उपाय करून झाले होते. डिझेलचा धूर नाकात गेला की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि पनवेलच्या स्टँडात गाडी शिरेपर्यंत तिला स्वतःचं नावही सांगता यायचं नाही. मी शाळेत असताना आम्ही गणपतीला गावी निघालो होतो, तेव्हा ती तिथेच उतरली, बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, "माका घराक न्हेवा." बाबांनी मला काकाबरोबर पुढे धाडलं आणि ते तिला घेऊन मुलुंडला परत आले.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण त्या वर्षी गणपतीची पाळी आमची होती. कणकवलीच्या पुढच्या आमच्या गावात घरचा गणपती एकच आणि भाऊ चार, म्हणून दरवर्षी एकेकाची पाळी. ज्याची पाळी त्याच्या बायकोने नैवेद्य रांधायचा आणि पहिलं पान तिने गणपतीपुढे वाढायचं. आईच्या जागी ते धाकट्या काकीने केलं. काकी बिचारी काही बोलली नाही, पण गावाचं तोंड कोण धरणार? 'मुंबयकरणीक गावचो रस्तो सोसना नाय' हे वाक्य फिरत फिरत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. आईने ते ऐकून घेतलं आणि त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. पुढच्या पाळीला तिने निघायचंच टाळलं. तिसरी पाळी आली तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि आमच्या बिल्डिंगखाली गाडी उभी होती.

गाडी म्हणजे काय, तर मिलमधल्या एका साहेबाने देश सोडताना बाबांच्या गळ्यात मारलेलं लोढणं. परदेशी बनावटीची, गोल पाठीची, एके काळी निळी. ती बनवणारी कंपनी गाडीच्या आधीच वारली होती, त्यामुळे तिचा एकही भाग कुठल्या दुकानात मिळत नसे. बाबा मिलच्या बॉयलरखात्यात वाफेच्या पाइपांचे फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा हातातले पाने ठेवायला त्यांना जागा राहिली नाही. मग ते त्या गाडीच्या मागे लागले. वर्षभरात त्यांनी इंजिन चालू केलं, ब्रेक धरायला लावले, दारं मिटायला शिकवली.

राहिला होता सायलेन्सर. तो गंजून पापडासारखा झाला होता. इंजिनाच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत जो धूर गपगुमान जायला हवा, तो वाटेत मिळेल त्या भोकातून बाहेर पडायचा आणि त्यातला निम्मा तळाच्या फटींतून गाडीच्या आत यायचा. आवाजाचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे, त्यांच्या बाल्कनीच्या बरोबर खाली गाडी. एकदा ती चालू झाली तेव्हा त्यांच्या हातातला चहा बशीतून लुंगीवर सांडला. ते वरूनच ओरडले, "अहो, ही गाडी आहे की चक्की?"

आई मात्र आवाजाबद्दल बोलली नाही. तिला एकदा मागच्या सीटवर बसवून आम्ही मुलुंड चेकनाक्यापर्यंत नेलं. ती उतरली, पदराने तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाली, "गाडी बरी आसा. पण धूर इलो तर मी पनवेलाक उतारतलंय. मगे माका समजवत बसा नको." आईची धमकी म्हणजे धमकीच, ती कधी परत घेतली जात नसे.

तेव्हा गणपतीला जेमतेम महिना राहिला होता. बाबांनी कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घातला, पण त्या गाडीला बसेल असा सायलेन्सर काही मिळाला नाही. रिकाम्या हाताने घरी आले आणि चपला काढता काढता मला म्हणाले, "चेडवा, आपणच करूया."

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. म्हणजे साहेब लोकांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग पारदर्शक कागदाखाली ठेवून शाईने जशीच्या तशी गिरवायची. दिवसभर दुसऱ्याच्या रेघांवरून हात फिरवायचा, आपली एक रेघ घालायची नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि तो मी टाकावर काढायचे, त्यामुळे माझ्या टाकाची निबं सगळ्यांत आधी झिजायची. बाबांनी 'आपणच करूया' म्हटलं आणि मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोरा कागद पसरला. जन्मात पहिल्यांदा खाली काहीच नसलेला कागद. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

पण गाडीखाली गेल्याशिवाय ड्रॉइंग कसलं काढणार? बाबांनी गाडीची मागची चाकं फळ्यांवर चढवली, विटांचा टेकू दिला, आणि मी जुना गाऊन घालून, केस फडक्यात बांधून खाली सरकले. बिल्डिंगीत लगेच चर्चा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आईला गाठून म्हणाल्या, "पोरीला दाखवायच्या वयात गाडीखाली काय घालताय हो?" आई म्हणाली, "बघूक येतले त्यांका गाडीखालीच बघूंदे. गोरी का काळी ता तरी कळाचा नाय." त्या काकू महिनाभर जिन्यात थांबल्या नाहीत.

वळणं मोजायला बाबांनी एक युक्ती सांगितली. आईची कपडे वाळत घालायची जाड तार काढली आणि ती इंजिनापासून मागपर्यंत, जिथे जसा पाइप जाणार तशी, हाताने वाकवत नेली. एक्सेलच्या वरून, पेट्रोलच्या टाकीपासून लांब, मागच्या बंपरखाली बाहेर. ती वाकडी तार बाहेर काढून मी ओट्यावर ठेवली आणि कागदावर उतरवली. कपडे त्या आठवड्यात खुर्च्यांवर वाळले.

आता सरळ पाइपाला त्या तारेसारखं वाकवायचं. नुसता तापवून वाकवला तर पाइप आतल्या बाजूने चेपतो. म्हणून त्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारायची आणि मग तापवायचा. वाळूत ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं उडतं. बाबांना वाफेचा स्वभाव ठाऊक होता. शेजारी इमारत उठत होती, तिथून वाळू आणली, मी ती चाळली, आणि बाबा लोखंडी कढई गॅसवर ठेवून ती परतायला उभे राहिले. आई दळण घेऊन आली, दारातच थबकली.

"शिरो करतास काय सायलेन्सर?"

"रवो भाजतंय," बाबा म्हणाले. "साखर आण."

ती कढई आईने नंतर चिंच लावून तीन वेळा घासली आणि तरी त्यात भाजी करायला तयार झाली नाही.

नाहूरच्या रस्त्यावर खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा एक जण बाबांच्या ओळखीचा होता. रविवारी तो हातगाडीवरून गॅस वेल्डिंगच्या टाक्या घेऊन आला. त्याने पाइप लाल केला आणि आम्ही दोघांनी तो सोसायटीच्या फाटकाच्या दोन गजांमध्ये अडकवून तारेबरहुकूम ओढला. गरम लोखंड हळूच हार मानतं, ते हाताला कळतं. पाइप वळत होता, मी एका हातात तार धरून ओरडत होते, "अजून, अजून, बस!" वॉचमन फाटकाला काही होईल या काळजीने देवाचं नाव घेत होता. चार वळणं झाली. पाइप गार झाल्यावर वाळू सांडली, तार शेजारी ठेवली आणि बघते तर जुळी भावंडं. मी तिथेच फाटकाशी टाळ्या वाजवल्या.

सायलेन्सरच्या पोटासाठी बाबांनी भंगारातून एक आग विझवायचं लाल नळकांडं आणलं होतं, रिकामं, जाड पत्र्याचं. माझ्या ड्रॉइंगमध्ये त्या नळकांड्याच्या आत भोकाभोकांच्या दोन गोल चकत्या होत्या. धूर एकीतून पाझरायचा, मधल्या खोलीत थोडा थांबायचा, मग दुसरीतून पाझरायचा, आणि आवाज त्या खोल्यांमध्येच जिरायचा. बाबांनी ड्रॉइंग लांब धरून पाहिलं. "बरा आसा. पण येवढी भोका पाडूक गणपती येयत आणि जायत. आत काथ्यो भरूया. आवाज खातलो."

मला पटलं नव्हतं. मी तसं सांगितलंही आणि चांगली फणकारलेही. पण घरात पोतंभर शेंड्या होत्या. आमच्याकडे नारळ गावाहून यायचा आणि त्याच्या शेंड्यांवर आमचा संसार चालायचा. भांडी शेंडीने घासायची, माठ शेंडीच्या चुंबळीवर ठेवायचा. बाबा म्हणाले, काथ्याचे दोर समुद्रात वर्षं काढतात, धुराला काय भितात? त्या संध्याकाळी आम्ही तिघं फरशीवर बसून शेंड्या पिंजत होतो. मुलुंड पूर्वेला मिठागरं जवळ, डासांचा सुळसुळाट. म्हणून आईने रोजच्यासारखी कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात धुरी पेटवली होती. ती धुरी कशाची होती? शेंड्यांची. डोळे चोळत, खोकत, त्याच शेंड्या आम्ही पिंजत होतो आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. कोकणी माणसाचा नारळावर विश्वास असतो, तो असा.

काथ्या भरला, वेल्डिंग झालं, सायलेन्सर गाडीला टांगला. टांगायला जुन्या टायरच्या रबरी पट्ट्या, म्हणजे गाडी हादरली तरी पाइप तुटायचा नाही. गाडी चालू करायच्या आधी बाबांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. आमच्यात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. देवाला मोठ्याने सगळी हकीकत सांगायची आणि जमलेल्यांनी दुजोरा द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान गाडयेक नवीन सायलेन्सर बसयल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्येचो धूर मागच्या वाटेनच भायर जांव दे, आत येंव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बाल्कन्यांमधूनही आवाज आले.

गाडी चालू झाली आणि खरंच आवाज खाली बसला. सेक्रेटरींनी वरून मान डोलावली. आम्ही हसतोय तोवर मागच्या टोकातून एक पांढरा दोरा निघाला. दोऱ्याचा दोर झाला, दोराचं गाठोडं झालं, आणि दोन मिनिटांत अख्खं कंपाउंड दिसेनासं झालं. वास तोच, आमच्या कोपऱ्यातल्या डब्याचा. धुरातून सेक्रेटरींचा आवाज आला, "डास गेले हो! पण मीही जातोय!" आग विझवायच्या नळकांड्यात आम्ही आग लावून ठेवली होती. बाबांनी गाडी बंद केली, तरी ते बराच वेळ धुमसत राहिलं. मी त्यावर बादल्या ओतल्या.

आई जिन्याच्या पायरीवर उभी होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "धाकटीक कळवा. नैवेद्याचा तिणाच बघूंदे," आणि वर निघून गेली.

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. बाबांवर, नारळावर, गावावर, सगळ्यांवर. मी वर जाऊन माझं ड्रॉइंग आणलं आणि बाबांच्या पुढ्यात गाडीच्या टपावर ठेवलं. "आता हे. जसंच्या तसं. एक रेघ बदलायची नाही." साहेब लोक मला जे सांगायचे, ते मी पहिल्यांदा दुसऱ्याला सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आठवडाभर मी कारखान्यातून आले की चकत्यांना भोकं पाडायची. हाताचं ड्रिल, छातीने रेटायचं, म्हणून छातीवर उशी बांधून. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. ऑफिसात टाक धरवेना तेव्हा हेडने विचारलं, मोदकांची प्रॅक्टिस का? मी हो म्हटलं. बाबा प्रत्येक भोक मागून कानशीने साफ करायचे. एका संध्याकाळी आई चहा ठेवायला आली आणि तयार चकती उजेडासमोर धरून बघत राहिली. "ही तर मोदकपात्राची चाळण," ती म्हणाली. चकती खाली ठेवली, पण कप उचलायला विसरली. धाकट्या काकीला पत्र गेलं नव्हतं, हे मला त्यावरून कळलं.

नळकांडं कापलं, जळका काथ्या खरवडून काढला, चकत्या बसवल्या, जाळीवाल्याने पुन्हा वेल्डिंग केलं. या वेळी बाबांनी गाऱ्हाणं घातलं नाही. म्हणाले, देवाला एकच गोष्ट दोनदा सांगायची लाज वाटते. गाडी चालू केली, धूर मागूनच निघाला, पण बाबांचं समाधान होईना. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि गाडीखाली पडून प्रत्येक सांध्याभोवती फिरवली. सांधा गळत असेल तर उदबत्तीचा धूर तिथे थरथरतो. आई वाकून बघत होती. "गाडयेक ववाळतास काय?" धूर कुठेच थरथरला नाही. सरळ वर गेला, देवघरात जातो तसा.

तेवढ्यात सेक्रेटरी बाल्कनीत आले आणि खाली बघून म्हणाले, "काय हो, चालू कधी करणार?"

गाडी चालूच होती. मी इतक्या जोरात हसले की हातातला पाना पडला. सेक्रेटरी लुंगी सावरत खाली आले, बोनेटवर हात ठेवला, मागे जाऊन धूर बघितला आणि म्हणाले, "झकास!" त्यांच्या तोंडून तो शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पण आमची परीक्षा घेणारे ते नव्हते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे. मांडीवर मोदकपात्र, हातात लिंबू, कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी. तिने आदल्या दुपारपासून अन्नाला हात लावला नव्हता. ठाणं गेलं, मुंब्र्याचा डोंगर गेला. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बघितलं की ती आजारी पडणार असं मला वाटत होतं. बाबाही आरशात बघत नव्हते. आम्ही दोघं समोरचा रस्ता असा बघत होतो की जणू तो पळून जाणार आहे.

पनवेलचा स्टँड आला. तेच बाक, तीच गर्दी, उभ्या एस.टी.चा तोच काळा धूर. बाबांनी गाडी हळू केली. मागून 'थांबवा' येणार म्हणून माझे कान मागे लागलेले. काही आलं नाही. बाबांनी गियर बदलला आणि आम्ही स्टँड मागे टाकला. तरीही मी मागे बघितलं नाही.

पेणला धीर करून मी मान वळवली. आई झोपली होती. तोंड उघडं, डोकं काचेला, लिंबू पायाशी पडलेलं, दोन्ही हात मोदकपात्रावर. आयुष्यात प्रवासात झोपलेली आई मी पाहिली नव्हती. मी बाबांच्या दंडाला हात लावला. त्यांनी आरशात पाहिलं आणि चष्म्याखालून बोट फिरवलं. ती जागी होईल म्हणून आम्ही पुढे महाडपर्यंत एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ऐकू आला असता, इतकी आमची गाडी शांत चालत होती.

कशेडीचा घाट चढून माथ्यावर आलो तेव्हा वळणाच्या झोक्याने ती जागी झाली. पदर सारखा केला, बाहेरचं धुकं बघितलं आणि घाबरलेल्या आवाजात विचारलं, "पनवेल इला काय गो?"

बाबा म्हणाले, "कशेडी इलो. पनवेल कधीच गेला."

ती म्हणाली, "गाडी थांबवा."

संपलं सगळं, असं मला वाटलं. बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. आई उतरली, मी पिशवी घेऊन मागे धावले. ती झाडाकडे गेली नाही. ती गाडीच्या मागे गेली, पाइपाच्या टोकाशी उकिडवी बसली, दोन्ही तळवे त्या उबेवर धरले, आणि आरती घेतात तसे डोळ्यांवरून डोक्यावर नेले. मग वळून माझे फोड आलेले हात बघितले आणि तेच ऊबदार तळवे माझ्या गालांवर ठेवले.

"नुसती बघीत काय रवलंस?" ती म्हणाली. "चल. चूल माजी आसा."

तिन्हीसांजेला आम्ही गावात शिरलो. गाडी घरापुढच्या खळ्यात आली तरी कुणाला आवाज गेला नाही, कुत्राच आधी बाहेर आला. मग धाकटी काकी, मग सगळं घर. काकीने आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तिच्या तोंडावर आजार शोधला, तो काही सापडेना. शेवटी तिने विचारलं, "वयनी, कशी इलात गो इतक्या लांब?"

आईने मोदकपात्र तिच्या हातात दिलं, कमरेची कोरी पिशवी काढून तिच्यासमोर झटकली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निजत इलंय!"